फुमिको-सानचे कान

सईला पोहण्याच्या क्लासला सोडून परत येताना नेहमीचा रस्ता बंद होता. नारिंगी पाट्या लावून गाड्या वळवत होते. फोनमधली बाई सांगेल तिकडे मी निघाले. दोन वळणं, एक छोटा पूल. पुलाच्या तोंडाशी असलेल्या लोखंडी पट्टीवरून चाकं गेली, खडखड असा आवाज दोनदा झाला, आणि मी कुठे आलेय ते मला कळलं. दोन वर्षं मी हा रस्ता टाळत होते.

तिथे आता एक गोदाम आहे. इतकं लांब, की एका टोकाला उभं राहिलं तर दुसऱ्या टोकाचं दार नखाएवढं दिसावं. खिडकी एकही नाही. मी गाडी कडेला घेतली आणि काच खाली केली. ऑक्टोबरचा दुसरा आठवडा होता. या दिवसांत इथे वाळलेल्या मक्याच्या धाटांचा वास यायचा, गोडसर, थोडा कुबट. आता नुसता डिझेलचा वास आला. मागे एक पोलिसांची गाडी येऊन सिग्नलला थांबली. ती आपल्या वाटेनं निघून गेली, पण ती दिसेनाशी होईपर्यंत माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, शाळेतल्या मुलीनं बाकावर ठेवावेत तसे.

इथे ॲलनचं शेत होतं. मका, भोपळे, थोडी स्ट्रॉबेरी. शेताच्या कडेला लाल रंग उडालेलं एक जुनं बार्न, म्हणजे लाकडी कोठार, आणि त्या बार्नमध्ये फुमिको-सान.

मी तिला पहिल्यांदा भेटले ते वेस्ट विंडसरच्या लायब्ररीत. तेव्हा मी डिपेंडंट व्हिसावर होते. नवऱ्याच्या नोकरीवर अमेरिकेत राहायचं, स्वतः नोकरी करायची नाही. नागपूरला सहा वर्षं बँकेत काम केलेल्या बाईचे इथे दिवस खायला उठायचे. लायब्ररीच्या फळ्यावर एक हातानं लिहिलेला कागद होता: ‘कान हवेत. धीर असलेले. पगार नाही. चहा आहे.’ खाली फोन नंबर नव्हता, फक्त पत्ता. पगार नाही म्हणजे व्हिसाला अडचण नाही, एवढाच विचार करून मी गेले.

मार्च महिना होता. बर्फ वितळून शेतात चिखल झालेला. बार्नचं दार ढकललं आणि आंबट, झोंबणारा वास नाकात गेला, लोणच्याची बरणी फुटावी तसा. आत एक ठेंगणी म्हातारी गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून बसली होती. ऐंशीला टेकलेली. पांढरे केस कानांच्या वर सरळ रेषेत कापलेले. तिच्याभोवती बिस्किटांचे पत्र्याचे डबे रचले होते, शंभर तरी असतील, आणि प्रत्येक डब्यात टेपची स्पूलं. जुन्या टेपा मरायला लागल्या की त्यांना व्हिनेगरचा वास येतो, हे मला नंतर कळलं. ती म्हणाली, ‘वास येतोय ना? घाई करायला हवी.’

फुमिको-सान माहितीपट करायची. जपानमध्ये तेविसाव्या वर्षी ती एका लहानशा चमूबरोबर एका खोऱ्यात गेली. तिथे धरण होणार होतं. आठ दिवसांसाठी गेली आणि आठ वर्षं राहिली. चमूत तिचं काम आवाजाचं. खांद्यावर जड यंत्र, कानांवर हेडफोन, हातात माइक लावलेला बांबू. पुढे दिग्दर्शक कंटाळून शहरात परतला, तेव्हा तिनं कॅमेराही उचलला. खोऱ्यातल्या बायकांनी जाड दोरांनी स्वतःला झाडांना बांधून घेतलं, ते तिनं टिपलं. पोलीस आले, दोर कापले, ते टिपलं. शेवटी पाणी चढलं, तेही. मग उठवलेली काही कुटुंबं वर डोंगरात, थंड वाऱ्याच्या जागी जाऊन भात पिकवायला बघत होती, त्यांच्या मागे ही गेली. तिथे अकरा वर्षं. त्यांच्याकडून भाताची रोवणी शिकली, स्वतःची एक बांधी, म्हणजे बांध घातलेला भाताचा तुकडा, कसली, आणि एकाच बांधीत दाणा का भरत नाही यावर साडेतीन तासांचा चित्रपट केला. ‘तो कुणी पाहिला?’ मी विचारलं. ‘त्या गावानं,’ ती म्हणाली. ‘दोनदा.’

म्हातारपणी ती मुलीकडे अमेरिकेत आली. मुलगी, केइको, इकडे युनिव्हर्सिटीत शिकवायची. घरात डबे मावेनात म्हणून ॲलननं बार्न दिलं. आणि आता, एवढे सगळे आवाज बरोबर घेऊन आल्यावर, फुमिको-सानचे कान गेले होते. यंत्र लावून समोरासमोर बोललेलं थोडं कळायचं. मागचं, लांबचं, बारीक काहीच नाही.

‘मला जपानी येत नाही,’ मी मोठ्यानं म्हटलं.

‘बोलणं मला पाठ आहे,’ ती तिच्या तुटक इंग्रजीत म्हणाली. ‘बाकीचं सांग.’

मग दर मंगळवारी आणि शुक्रवारी सईला शाळेत सोडून मी बार्नमध्ये जायची. हेडफोन लावायचा, स्पूल फिरायला लागायचं, आणि ऐकू येईल ते वहीत लिहायचं. बेडूक. लांबून ढोल. कुणीतरी नाक शिंकरलं. चिखलातून पाय ओढल्याचा आवाज, चार माणसं असावीत. ती ते वाचायची आणि डोळे मिटून मान डोलवायची. ‘पाच माणसं,’ एकदा म्हणाली. ‘पाचवी मी.’ तिनं मला नावही दिलं, मिमी-सान. जपानीत मिमी म्हणजे कान.

त्या दीड वर्षाचे ऋतू मला आवाजांनीच आठवतात. एप्रिलमध्ये पत्र्यावर टपटपणारं बर्फाचं पाणी. जूनमध्ये ॲलनचा पंप. तो त्याच्या कुत्रीशी दिवसभर बोलायचा, आणि आमच्याशी मोजून चार वाक्यं. हिवाळ्यात रॉकेलच्या शेगडीची घरघर आणि गवताच्या पेंढ्यांमधली उंदरांची खसखस. फुमिको-सान भाजलेल्या तांदळाचा चहा करायची. त्या चहाचा वास आमच्याकडच्या मुरमुऱ्यांच्या भट्टीसारखा. माझं माहेर भंडाऱ्याकडचं, धानाच्या मुलखातलं. मी पहिल्यांदा तो कप नाकाशी नेला तेव्हा डोळे भरून आले आणि तिनं विचारलंही नाही का ते.

बार्नच्या दक्षिणेला तिनं प्लास्टिकच्या मोठ्या टबांत भात लावला होता. ‘ये, रोव,’ ती म्हणाली. मी चपला काढून उभी राहिले, पण हात पुढे होईना. धानाच्या मुलखात वाढले खरी, पण बांधीत पाय कधी घातला नव्हता. आम्हाला त्या बांध्यांमध्ये जाता येत नसे. का, ते मी तिला तेव्हा सांगितलं नाही.

ते सांगावं लागलं पुढच्या डिसेंबरात. अठ्ठावन्नावा डबा. स्पूल सुरू झालं. वारा, बायकांची कुजबुज, मग एकदम शांतता. आणि त्या शांततेत ठक्, ठक्, ठक्. लाकडावर लोखंड. तीन ठोके, थांबणं, पाच-सहा पावलं, पुन्हा तीन ठोके. वहीत काही न लिहिता मी हेडफोन काढला.

‘काय आहे?’ तिनं विचारलं.

‘खुंट्या,’ मी म्हटलं. ‘जमीन मोजताहेत.’

ती टक लावून बघत राहिली. असा आवाज कुणी न सांगता ओळखेल असं तिला वाटलं नव्हतं.

माझे बाबा भूमापक होते. सरकारी मोजणीदार. आमच्या भागात धरण व्हायचं ठरलं तेव्हा मी नऊ वर्षांची होते. बाबा सकाळी साखळी आणि झेंड्या घेऊन निघायचे. ते गेले की आई दाराला आतून कडी घालायची, भर दिवसा. शाळेत माझ्या बाकावर कुणी बसेना. ज्या काकू दर दिवाळीला नव्या धानाचे पोहे पाठवायच्या, त्या मला बघून रस्ता ओलांडायच्या. संध्याकाळी मी आणि आई दोघी काही न बोलता एकच आवाज ऐकत बसायचो, बाबांच्या सायकलच्या सैल मडगार्डचा. तो आला की आई उठून चहा टाकायची. एकदा खूप उशिरा आला. बाबा डोक्यापासून पायापर्यंत चिखलानं माखलेले, चष्म्याची एक काच गेलेली. आईनं बादलीत पाणी आणलं. ते पाटावर बसून पाय धूत होते आणि कुणीही न विचारता म्हणाले, ‘मी नुसता मोजतो. घेत नाही.’ तेवढंच. पुढची पंधरा वर्षं त्यांनी त्या गावांचं नाव काढलं नाही. पेन्शन झाल्यावरही दार वाजलं की आधी खिडकीतून बघायचे.

हे सगळं मी फुमिको-सानला सांगितलं, तिच्या चांगल्या कानाशी तोंड नेऊन, जवळजवळ ओरडत. घाबरण्याची गोष्ट अशी ओरडून सांगताना फार विचित्र वाटतं.

तिनं शेगडी बारीक केली. ‘खोऱ्यात मोजणीवाले सात जण होते,’ मग म्हणाली. ‘आठ वर्षं मी त्यांच्यावर कॅमेरा धरला. त्यातल्या एकालाही मी काही विचारलं नाही. जेवलास का, एवढंही नाही.’ तिनं माझ्या हातातून वही घेतली आणि त्या स्पूलपुढे स्वतः काहीतरी लिहिलं. जपानीत. मला ते वाचता आलं नाही.

वसंतात ॲलनच्या शेजाऱ्यानं जमीन विकली आणि गोदामाची बातमी आली. गोदामाला रुंद रस्ता हवा, तो ॲलनच्या शेतातून जाणार. ज्या दोघातिघांची जमीन अजून शिल्लक होती ते हादरले. गावाच्या सभेत लोक रांग लावून बोलले. फुमिको-सान पहिल्या रांगेत छोटा कॅमेरा मांडीवर घेऊन बसली होती आणि मी तिच्यामागे खांब धरून. ‘पुन्हा सुरू करायचं,’ ती परतताना म्हणाली. तिचा चेहरा तापल्यासारखा लाल झाला होता. ‘मिमी-सान, तू आवाज घे.’

घरी मंदार ऐकूनच उभा राहिला. माझा नवरा शांत माणूस आहे, आवाज चढवत नाही.

‘यार, तू समजून घे ना,’ तो म्हणाला. ‘आपलं ग्रीन कार्ड प्रोसेसमध्ये आहे. नऊ वर्षं झाली. माझी नोकरी गेली तर देश सोडायला साठ दिवस मिळतात, माहितीये ना? आणि तू प्रोटेस्टमध्ये माइक घेऊन उभी राहणार?’

‘मी कॅमेऱ्यामागे असेन.’

‘दुसऱ्यांचे फोन असतात. कुणीतरी अपलोड करतं. आपल्या ग्रुपवर बघ, लोक जुन्या पोस्टसुद्धा डिलीट करतायत.’

ते खरं होतं. त्या दिवसांत आमच्या मराठी लोकांच्या ग्रुपवर गणपतीच्या मोदकांच्या ऑर्डरींमध्येच असे निरोप यायचे: प्रवास असेल तर फोन साफ करून जा. कुणाच्या तरी भाच्याला विमानतळावर चार तास बसवून ठेवलं. सगळी कागदपत्रं गाडीत ठेवा. खरं किती, खोटं किती कुणालाच माहीत नव्हतं. काळ्या काचांची गाडी घरासमोर थांबली की मी पडद्याआडून बघायची. तेव्हा बाबांची ती खिडकी आठवायची.

तरी मी गेले. मंदारला म्हटलं, फक्त टेपा ऐकायला जाते. सतरा वर्षांच्या संसारातलं ते पहिलं मोठं खोटं.

फुमिको-सानशी मात्र मी एक ठरवून घेतलं. मी तिच्या डाव्या खांद्यामागे उभी राहीन. कुणी हाक मारली, गाडी आली, पोलीस काही बोलले, की मी खांद्यावर थोपटेन. एकदा थोपटलं तर थांब. दोनदा थोपटलं तर मागे हो. आम्ही बार्नसमोर त्याची तालीम केली. ती कॅमेरा डोळ्याला लावून पुढे पुढे जायची, मी थोपटायची, ती मागे व्हायची. ॲलन ट्रॅक्टरवरून बघत होता. तो म्हणाला, ‘माझी कुत्रीसुद्धा इतकं ऐकत नाही.’ त्या वर्षी तो हसलेला मला तेवढाच आठवतो.

मोजणीवाले आले तो दिवस ऑक्टोबरातला होता. आकाश निळंशार, भोपळे शेतात तसेच पडलेले. बांधावर वीसपंचवीस माणसं होती. ॲलननं भोपळ्यांची गाडी जोडलेला ट्रॅक्टर वाटेत आडवा लावला होता. तीन मोजणीवाले उतरले, नारिंगी जाकिटं, तिपाई. पाठोपाठ पोलिसांची एक गाडी. कुणी आरडाओरडा केला नाही. सगळे गप्प उभे राहिले, आणि त्या गप्प उभं राहण्याची मला नऊ वर्षांची असल्यापासून ओळख होती. माइकच्या दांड्यावर माझे हात घामानं सरकत होते. हेडफोनमध्ये माझाच श्वास ऐकू येत होता.

मोजणीवाल्यांतला एक कोवळा होता, पंचविशीचा. त्याच्या हातात हातोडा आणि बगलेत खुंट्या. तो कुणाकडेही न बघता चालत होता, डोळे जमिनीवर. फुमिको-सानही सगळ्यांना सोडून त्याच्याकडेच निघाली. मला कळलं ती का निघाली ते. मी मागोमाग गेले. वाटेच्या मधोमध, आडव्या गाडीच्या मागच्या बाजूला ती त्याच्यापुढे उभी राहिली आणि कॅमेरा डोळ्याला लावून तिच्या तुटक इंग्रजीत विचारलं, ‘जेवलास का?’

तो गोंधळला. ‘काय?’

‘जेवण. जेवलास?’

‘नाही... अजून नाही, मॅम.’

त्याच क्षणी माझ्या उजव्या हाताला कुणीतरी येऊन उभं राहिलं. पोलीस. धिप्पाड, वयस्कर, गालांवर ऊन बसलेलं. तो अजिबात रागावलेला नव्हता. हे मी स्वतःला हजारदा सांगितलंय. तो फक्त म्हणाला, ‘मॅम, तुम्ही यांच्याबरोबर आहात का?’

‘नो,’ मी म्हटलं.

माइक मी खाली ठेवला. टाकला नाही, नीट गवतावर ठेवला, हेडफोन आणि रेकॉर्डिंगचं यंत्र त्याच्याशेजारी. मग चालायला लागले. दहा पावलं चालले असेन. नंतर पळाले. मक्याच्या कापलेल्या सडांमधून, गाडी पुलापलीकडे होती तिथपर्यंत पळत गेले. मागे पोलीस ॲलनला सांगत होता, ट्रॅक्टर मागे घ्या, वाट मोकळी करा. ते मला ऐकू आलं. ट्रॅक्टर सुरू झाला, तेही ऐकू आलं. मग खूप माणसं एकदम ओरडली. मी वळून पाहिलं नाही.

भोपळ्यांच्या गाडीचं मागचं चाक फुमिको-सानच्या कमरेला लागलं. सगळे ओरडत होते, आणि ते तिला सोडून सगळ्यांना ऐकू येत होतं. खुब्याचं हाड मोडलं. हे मला संध्याकाळी बातमीत कळलं. मंदार भाजी चिरत होता. ‘ही तीच ना तुझी जपानी आजी?’ तो म्हणाला. ‘बरं झालं तू नव्हतीस.’ मी सिंकचा नळ मोठा सोडला आणि भांडी घासायला लागले.

सहा आठवडे मी गेले नाही. फोन वाजला की मी तो पालथा करून ठेवायची. पोलिसांच्या वहीत माझं नाव असेल. कुणाच्या फोनमध्ये माझा चेहरा असेल. आणि या सगळ्या भीत्यांच्या खाली एक वेगळी भीती होती, की ती विचारेल. शेवटी केइकोचाच फोन आला. ‘आई मिमी-सान, मिमी-सान करतेय,’ ती म्हणाली. ‘तुमचं खरं नाव काय आहे? मला माहीतच नाही.’

फुमिको-सानला एका पुनर्वसन केंद्रात ठेवलं होतं. खोलीला जंतुनाशकाचा आणि उकडलेल्या गाजरांचा वास. ती इतकी लहान दिसत होती की आधी मला पलंग रिकामाच वाटला. मी काय काय बोलायचं ते पाठ करून गेले होते. तिनं मला बोलू दिलं नाही. उशीखालून ते छोटं रेकॉर्डिंगचं यंत्र काढून माझ्या हातात दिलं. मी गवतावर ठेवलं तेव्हा ते चालूच राहिलं होतं. चाळीस मिनिटं.

‘ऐक,’ ती म्हणाली. ‘सांग.’

मी हेडफोन लावला. त्या मोजणीवाल्या मुलाचा आवाज आला, ‘अजून नाही, मॅम.’ पोलिसाचा प्रश्न. माझा नो. मला वाटलं होतं, तो मी कुजबुजत म्हटला असेल. तो मोठा, स्वच्छ होता. गवताची सरसर. मग पावलं.

‘काय आहे?’ तिनं विचारलं.

‘पावलं,’ मी म्हटलं. ‘आधी चालत. मग पळत.’

‘कुणाची?’

‘माझी.’

तिनं मान डोलवली, जशी बेडकांना आणि ढोलाला डोलवायची तशीच. ‘मग?’

मला यंत्र बंद करायचं होतं. ती बघत होती. मग ट्रॅक्टर आला. लोकांचं ओरडणं आलं. एक जड, बोथट आवाज आला, आणि भोपळे घरंगळल्याचा. त्यानंतर अगदी माइकजवळ त्या कोवळ्या मोजणीवाल्याचा आवाज: मला धरा, मॅम, हलू नका, मी इथेच आहे, माझं नाव डॅनियल. तो बोलतच होता. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत तो तिच्याशी बोलत होता. सकाळी नाश्त्याला काय खाल्लं ते सांगत होता, त्याच्या आईबद्दल सांगत होता. तिला एक अक्षर ऐकू आलं नव्हतं. मी शब्दन्‌शब्द तिच्या कानात ओरडून सांगितला. शेजारच्या खोलीतली नर्स येऊन बघून गेली.

‘आता माझ्याकडे एक मोजणीवाला आहे,’ फुमिको-सान म्हणाली आणि दमून डोळे मिटले. मी निघाले तेव्हा तिनं डोळे न उघडताच विचारलं, ‘चित्रपटात आवाजापुढे नाव काय लिहू?’

मी दारात उभी होते. ‘नको लिहू,’ मी म्हटलं. ‘प्लीज.’ ते तिला ऐकू आलं की नाही, माहीत नाही. मी पुन्हा मोठ्यानं म्हटलं नाही.

ती त्याच पलंगावर बसून, एका विद्यार्थिनीला हाताशी घेऊन चित्रपट जुळवत होती, असं केइको सांगायची. पुढच्या उन्हाळ्यात ती गेली. ॲलननं जमीन दिली आणि तो बहिणीकडे राहायला गेला. स्वतःच्या ट्रॅक्टरवर तो पुन्हा कधी बसला नाही म्हणतात. बार्न एका सकाळीत पाडलं.

गोदामापुढे त्या रविवारी मी किती वेळ थांबले होते कोण जाणे. सईला आणायला उशीर झाला. घरी येऊन केइकोला फोन केला, वर्षभरानं. ती म्हणाली, ‘येत्या शनिवारी दुपारी आईचा चित्रपट दाखवतोय आम्ही, गावाच्या सभागृहात. तुम्हाला बोलवावं की नाही, कळत नव्हतं.’

मंदारला मी सगळं सांगितलं. त्या दिवसाचं, माइकचं, नो म्हटल्याचं. तो आधी ‘जाऊ नकोस,’ म्हणाला. मग म्हणाला, ‘आय-डी बरोबर ठेव.’

सई माझ्याबरोबर यायला हटून बसली. बारा वर्षांची आहे, तिला आता घरी ठेवून जाता येत नाही आणि थोपवताही येत नाही. चाळीसएक खुर्च्या, निम्म्या रिकाम्या. पडद्यावर ॲलनचा मका हलला, सभेतली माणसं बोलली. मी कुठेच दिसत नव्हते. मग तो दिवस आला. कॅमेरा त्या मुलाच्या चेहऱ्यावर होता, तो म्हणत होता, अजून नाही, मॅम, आणि चित्राच्या बाहेरून माझा नो आला. मग पावलं. तिनं एक सेकंदही कापलं नव्हतं. चेहरा त्याचा, आणि आवाज माझ्या पळण्याचा, लांब लांब जात असलेला.

‘मॉम,’ सई मोठ्यानं म्हणाली, ‘इज दॅट यू?’

पुढच्या दोन रांगांतली माणसं वळली. 

‘हो,’ मी म्हटलं. ‘मीच ती.’

दिवे लागले तेव्हा शेवटच्या रांगेतून एक उंच मुलगा उठून आमच्याजवळ आला. नारिंगी जाकीट नव्हतं, म्हणून ओळखायला क्षणभर लागला. डॅनियल अवघडून उभा राहिला, हात खिशात. ‘तुम्ही त्या दिवशी धावलात ना,’ तो म्हणाला, ‘मला तेव्हा वाटलं, तुम्ही मदत आणायला गेलात. फोन करायला वगैरे. मी सगळ्यांना तसंच सांगितलं.’

सई माझ्याकडे बघत होती. दोन पोलीस, गावाच्या सभेला असतात तसे, दारापाशी उभे होते, कॉफी पीत. हो म्हणायला काही लागत नव्हतं. तो मला स्वतः होऊन ते देत होता.

‘नाही,’ मी म्हटलं. ‘मी घाबरून पळाले. तिला ऐकू येत नाही हे मला माहीत होतं.’

त्यानं मान खाली घातली, मग हात पुढे केला. तो थंड, खरखरीत होता. बाहेर ऊन कलत होतं. गाडीत बसल्यावर सई बराच वेळ पट्ट्याशी खेळत राहिली.

‘आर यू स्टिल स्केअर्ड?’ तिनं विचारलं.

‘हो,’ मी म्हटलं. ‘खूप. तुझे आजोबा जमीन मोजायला जायचे, तेव्हापासून.’

तिनं खिडकीबाहेर पाहिलं. मग रेडिओ बंद केला आणि म्हणाली, ‘टेल मी अबाउट आजोबा.’